चिठ्ठीवरचा प्राणायाम

भाचा छातीच्या विकारांचा डॉक्टर, मावशीचं उभं आयुष्य योगाचे वर्ग घेण्यात गेलेलं. दोघंही पुण्याचे. माणसं कल्पित आहेत, वाद मात्र खरा आणि जुना. योगाला यंत्रापुढे बसवावं का, आणि बसवलं तर यंत्राला काय सापडतं नि काय निसटतं, हा तो वाद. या खेपेला निमित्त झालं एका चिठ्ठीचं.

मावशी : ही तुझीच चिठ्ठी ना? काल एक गृहस्थ वर्गात घेऊन आले. वर बीपीची गोळी, मध्ये पित्ताची, आणि खाली तुझ्या अक्षरात 'अनुलोम-विलोम, १० मिनिटं, दिवसातून २ वेळा'. पाण्याबरोबर घ्या, एवढं लिहायचं राहिलं.

भाचा : हस तू. पण चिठ्ठीवर होतं म्हणून तर ते आले. तोंडी सांगितलं असतं तर लिफ्टपर्यंतसुद्धा लक्षात राहिलं नसतं. लेखी दिलं की पेशंटला कळतं, याला वेळ आहे, डोस आहे, आणि पुढच्या भेटीत कुणीतरी विचारणार आहे.

मावशी : आणि बीपी उतरलं की? त्यांचा पहिलाच प्रश्न तो होता, 'नॉर्मल आलं की बंद करायचं ना?' माझ्याकडे माणूस शिकायला येतो. तू त्याला उपचार घ्यायला पाठवलंस. शिकणारा चुकतो, परत करतो, स्वतःकडे बघतो. उपचार घेणारा घड्याळाकडे बघतो.

भाचा : घड्याळाकडे बघत का होईना, करतो ना! आणि हे काही मी नव्यानं काढलेलं नाही. तुमच्याच कुवलयानंदांनी १०० वर्षांपूर्वी...

मावशी : 'तुमच्याच' म्हणू नकोस. त्यांचं नाव माझ्यापेक्षा तूच जास्त घेतोस.

भाचा : घेणारच. जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचं मूळ नाव. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात अंग कमावलं, नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासांकडे योग शिकले, अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाच्या कामात राहिले. गुरूंनी शिकवलेल्या क्रिया ते रोज करत होते. पण त्या करताना शरीरात काय घडतं, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांना चैन पडेना. म्हणून बडोद्याच्या दवाखान्यात उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रियांचे एक्स-रे काढून घेतले. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, आणि त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे त्रैमासिक.

मावशी : बस्तीचा प्रयोग सांग. तो मला आवडतो.

भाचा : पाण्यात उकिडवं बसून गुदमार्गानं पाणी वर ओढून घ्यायचं, ती बस्ती. समजूत अशी, की अपानवायू पाणी खेचतो. यांनी आतड्यात नळी घालून दाब मोजला. नौलीत पोटाचे मधले उभे स्नायू सुटे काढले की आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. मग पाणी वर चढणारच. त्या स्थितीला त्यांनी नाव दिलं 'माधवदास व्हॅक्यूम'. गूढ वाटणारी गोष्ट दाबाच्या आकड्यावर आली, आणि तरी कुणाचा अपमान झाला नाही. मला हेच हवंय.

मावशी : नाव गुरूंचं दिलं, हे ध्यानात घे. मोजणारा माणूस आधी साधक होता. आणि लोणावळ्याला नुसती यंत्रं नव्हती. पोथ्या जमवायच्या, पाठभेद लावायचे, संपादन करायचं, हे कामही त्याच आवारात चालायचं. मी वापरते ती हठप्रदीपिका तिथलीच, स्वामी दिगंबरजी आणि कोकजे यांनी १९७० मध्ये काढलेली. कुवलयानंदांच्या एका हातात दाबमापक होतं, दुसऱ्या हातात पोथी. तू पहिला हात धरलास नि दुसरा सोडलास.

भाचा : कारण पोथीतलं सगळंच घ्यायचं म्हटलं तर पंचाईत होते. मयूरासनानं जहाल विषही पचतं, असं त्याच हठप्रदीपिकेत आहे. पेशंटला सांगू?

मावशी : नको सांगूस. पण दुसऱ्या उपदेशात काय आहे तेही वाच. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळवतात तसा प्राण माणसाळवावा, नाहीतर तो साधकाच्याच जिवावर उठतो. आणि प्राणायाम चुकला तर काय होतं याची यादीच आहे : उचकी, दमा, खोकला, डोकं, कान आणि डोळे दुखणं.

भाचा : साइड इफेक्टची यादी, आणि तीही पंधराव्या शतकातली! योगवर्गाच्या फलकावर ही कधी वाचायला मिळाली नाही मला.

मावशी : फलकावर 'शुगर, बीपी, थायरॉइड, सांधेदुखी' लिहिलेलं असतं. ते बघितलं की माझं डोकं फिरतं. अरे, पतंजलींच्या सूत्रांत आसनाला ३ सूत्रं आहेत, प्राणायामाला ५. व्याधीचा उल्लेख येतो तो चित्ताच्या वाटेत आडव्या येणाऱ्या ९ अडथळ्यांत, त्यातला पहिला म्हणून. म्हणजे आजार ही वाटेतली अडचण. ती दूर झाली की चालायला लागायचं. तुझे पेशंट अडचण दूर झाली की घरी जातात.

भाचा : मी माणसाला घरी पाठवण्यासाठीच बसलोय, मावशी. मोक्षाची ओपीडी आमच्याकडे नाही.

मावशी : म्हणून तर म्हणते, तुझं काम तू कर. माझ्या कामाला तुझ्या चिठ्ठीवर बसवू नकोस.

भाचा : बरं, चिठ्ठी बाजूला ठेव. एक गोष्ट करून बघ. डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, उजव्या हाताची तीन बोटं ठेव. नाडी लागली? आता मनात ५ मोजेपर्यंत श्वास आत, ५ मोजेपर्यंत बाहेर. बोलू नकोस. नुसती नाडी ऐक.

मावशी : ...आत घेताना जलद होते. सोडताना सावकाश.

भाचा : तुझ्या वयाला हा फरक इतका लागतो याचं मला खरंच कौतुक आहे. तो वयाबरोबर कमी होत जातो. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना व्हेगस नावाची नस तिला लगाम घालते. तू आत्ता मिनिटाला ६ श्वास घेतलेस. एरवी आपण १२ ते २० घेतो. ६ च्या आसपास आलं की श्वासाची लय आणि रक्तदाबाची स्वतःची लय एकमेकींना धरून चालायला लागतात, आणि रक्तदाब सावरणारी यंत्रणा जास्त तल्लख होते. लोक म्हणतात, प्राणायामानं ऑक्सिजन वाढतो. निरोगी माणसाच्या रक्तात तो आधीच ९५ टक्क्यांच्या वर असतो, आणखी किती भरणार?

मावशी : मग दीर्घ श्वासाचा फायदा काय?

भाचा : हिशेब करून बघ. एका साध्या श्वासात अर्धा लिटर हवा येते. त्यातली सुमारे १५० मिलिलिटर नाकापासून श्वासनळ्यांपर्यंतच अडकते, देवाणघेवाण होते तिथपर्यंत पोचतच नाही. मिनिटाला १२ श्वास घेतले तर ६ लिटरपैकी ४.२ लिटर कामी येते. तीच ६ लिटर हवा ६ लांब श्वासांत घेतली तर ५.१ लिटर कामी येते. तेवढ्याच हवेत काम जास्त होतं. शिवाय दम्याच्या किंवा सीओपीडीच्या पेशंटला आम्ही ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवतो, म्हणजे नळ्या मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडते.

मावशी : माझ्या वर्गातसुद्धा पहिले काही महिने श्वास सोडणंच शिकवते मी. घेणं आपोआप येतं. कुंभकाचं, म्हणजे श्वास रोखण्याचं, तर नावसुद्धा काढत नाही. हे बोललास ते मला पटलं.

भाचा : आणखी एक सांगतो, तू खूश होशील. इटलीत लुचानो बेर्नार्दी नावाच्या डॉक्टरांनी २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली रोझरी म्हणायला लावली, आणि एक बौद्ध मंत्रही जपायला लावला. दोन्हींत श्वास मिनिटाला ६ च्या आसपास आला, आणि हृदयाच्या व रक्तदाबाच्या लयी सारख्याच सुधारल्या. २००१ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आलंय.

मावशी : म्हणजे जपमाळ ओढणाऱ्या बायका उगाच बसत नव्हत्या.

भाचा : सावकाश. प्रयोग रोझरीचा आणि त्या मंत्राचा होता. त्यावरून रामरक्षेचा निकाल लावू नकोस.

मावशी : लावत नाही. पण मला यात दुसरंच दिसतं. रोझरी म्हणणारी बाई मेरीला हाक मारते. मंत्र जपणाऱ्याच्या मनात करुणा असते. तुझ्या यंत्राला दोघांत फक्त ६ श्वास दिसले. त्या दोघांना विचारलंस तर ते म्हणतील, श्वासासाठी नव्हतो बसलो आम्ही.

भाचा : यंत्रानं तसा दावा केलेलाच नाही. मोजता आलं तेवढं मोजलं.

मावशी : यंत्र नाही करत रे, पण त्याच्या पाठोपाठ येणारा माणूस करतो. म्हणतो, ६ श्वास हेच सार, बाकी फोलपटं. आता इकडे ये, खाली बस. मांडी घाल. बघ, गुडघे कमरेच्या वर गेलेत आणि पाठ मागे कलंडलीय. ही चादर घडी करून बैठकीखाली घे. आता गुडघे उतरले. उजव्या हाताची पहिली दोन बोटं मिटव. अंगठा उजव्या नाकपुडीवर, शेवटची दोन बोटं डावीवर. नाकाचं हाड संपतं आणि मऊ भाग सुरू होतो, तिथं. दाबायचं नाही, नुसती वाट अरुंद करायची. कोपर का उचललंस? खांदा वर गेला. जबडा सैल सोड. हं, आता डावीकडून सोड.

भाचा : आवाज येतोय.

मावशी : येतोय म्हणजे घाई होतेय. आता सांग, 'अनुलोम-विलोम, १० मिनिटं' एवढ्यात हे सगळं कुठं बसतं? चादर, कोपर, जबडा? आमच्या पुण्यात अय्यंगार गुरुजी १९३७ मध्ये शिकवायला आले, त्यांचे गुरू कृष्णमाचार्य यांनी पाठवलं म्हणून. पट्टे, ठोकळे, दोर, खुर्च्या हे सगळं त्यांनी आणलं ते शरीराचा कोन अचूक साधायला. त्यांच्या १९६६ च्या पुस्तकात जवळजवळ ६०० छायाचित्रं आहेत. आसनं नीट झाल्याशिवाय प्राणायामाला हात घालू देत नसत, आणि प्राणायामही आधी पाठीवर झोपवून, छातीखाली आधार देऊन. हेही मोजमापच आहे, पण शिक्षकाच्या नजरेचं. ते चिठ्ठीवर उतरत नाही.

भाचा : मान्य. पण ती नजर किती जणांकडे आहे? गुरुजींचा प्रश्न नाही, बाकीच्या हजारो शिक्षकांचा आहे. माझ्याकडे दम्याची एक पेशंट आली होती, ओठ निळे पडलेले. कुठल्याशा वर्गात सांगितलं होतं, जोरात कपालभाती करा, पंप लागणार नाही. तिनं पंप ड्रॉवरमध्ये टाकला. मावशी, तिला तिथं कुणी विचारायला हवं होतं, की हे कशावरून म्हणता? पुरावा मागायची सवय असती, तर ती बाई माझ्याकडे त्या अवस्थेत आली नसती. म्हणून मी मोजमापाला धरून बसतो.

मावशी : यावर माझं तुझ्याशी भांडणच नाही. माझ्या वर्गात पहिला प्रश्न गोळ्यांचा असतो. चालू आहेत? मग चालूच राहतील. बंद करायच्या तर डॉक्टर करतील. बीपी जास्त असेल, हर्निया असेल, पोटात बाळ असेल तर कपालभाती नाही. आणि जोरजोरात श्वास मारून डोकं हलकं झालं, बोटांना मुंग्या आल्या, की कुंडलिनी जागी झाली म्हणणारेही भेटतात.

भाचा : ती कुंडलिनी नव्हे, कार्बन डायऑक्साइड उतरलेला असतो. तो फार उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. दोन मिनिटं स्वस्थ बसलं की जातं.

मावशी : तरी कुंडलिनीचं नाव घेताना जपून. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाचलायस?

भाचा : शाळेत दोन ओव्या होत्या.

मावशी : १२९० मध्ये मराठीत त्या माणसानं कुंडलिनी कशी उठते, शरीर आतून कसं पालटतं, याचं वर्णन लिहिलं. कुणी बाहेरून ऐकून इतकं बारकाईनं लिहू शकत नाही, असं वाचताना वाटतं. त्याचं काय करशील?

भाचा : काहीच नाही करणार. एक्स-रेमध्ये शोधणार नाही, आणि खोटंही ठरवणार नाही. ते शोधणाऱ्यांनी काय केलं ते सांगतो. मुंबईच्या डॉ. वसंत रेळे यांनी १९२७ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं, कुंडलिनीवर. निष्कर्ष असा, की कुंडलिनी म्हणजे उजवी व्हेगस नस! प्रस्तावना सर जॉन वुड्रॉफ यांची. आपल्या जुन्या ग्रंथांना शरीरशास्त्राचा आधार मिळाला, म्हणून त्या काळात लोकांना बरं वाटलं असणार. पण यानं ना ज्ञानेश्वरी जास्त कळली, ना व्हेगस.

मावशी : हे मी म्हटलं असतं तर तू मला जुनाट म्हणाला असतास.

भाचा : चक्र म्हणजे ग्रंथी आणि नाडी म्हणजे नस, अशी जोडी लावणारे मला श्रद्धाळूंपेक्षा जास्त त्रास देतात. ते धड पोथी वाचत नाहीत, धड शवविच्छेदन करत नाहीत. कुवलयानंद तसे नव्हते. त्यांनी दाब मोजला आणि दाबच म्हटलं.

मावशी : आणि हृदय थांबवणारे योगी? माझ्या लहानपणी वर्तमानपत्रांत यायचं.

भाचा : त्यांचाही हिशेब झालाय. वेंगर, बागची आणि आनंद या तिघांनी भारतात फिरून असा दावा करणाऱ्यांची तपासणी केली आणि १९६१ मध्ये 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात छापली. श्वास कोंडून छातीवर जोर दिला की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, मनगटावरची नाडी लागेनाशी होते. पण ईसीजीवर हृदय चालूच होतं.

मावशी : बरं झालं तपासलं ते. सिद्धी या समाधीतले अडथळे आहेत, हे पतंजलींनी केव्हाच सांगून ठेवलंय. मांडवात प्रयोग करून दाखवणाऱ्याला आमच्या परंपरेतही मान नव्हता.

भाचा : बघ, म्हणजे यंत्र आणि पतंजली एका बाजूला आले.

मावशी : एका ठिकाणी आले म्हणून लगेच एका गाडीत बसवू नकोस. आता मी विचारते. तुझे पुरावे योगाबद्दल म्हणतात तरी काय? गुळमुळीत नको.

भाचा : सरळ सांगतो. ध्यानावरचे ४७ प्रयोग, साडेतीन हजारांवर माणसं, यांचा एकत्र आढावा २०१४ मध्ये अमेरिकेत निघाला. चिंता, नैराश्य, दुखणं यांत थोडी ते मध्यम सुधारणा दिसली. पण व्यायाम किंवा औषधं यांपेक्षा ध्यान सरस ठरलं, असं काही दिसलं नाही. जुनाट कंबरदुखीवर २०१७ चा कॉक्रेन आढावा आहे. काहीच न करण्यापेक्षा योगानं हालचाल थोडी ते मध्यम सुधारते. कंबरेच्या इतर व्यायामांशी तुलना केली तर फारसा फरक नाही.

मावशी : मग कंबरदुखीवाल्याला माझ्याकडे कशाला पाठवतोस? व्यायामाला पाठव ना.

भाचा : कारण जो व्यायाम माणूस करतो तोच लागू पडतो. तुझ्या वर्गाला लोक वर्षानुवर्षं येतात. फिजिओथेरपीचा कागद आठवड्यात रद्दीत जातो.

मावशी : का येतात, ते विचारलंस कधी? कंबरेसाठी येतात, तीन महिन्यांत कंबर विसरतात, आणि मग दुसऱ्याच कशासाठी तरी येत राहतात. त्या 'दुसऱ्याच कशासाठी'चं तुझ्या आढाव्यात नाव नाही.

भाचा : असं तू म्हणतेस. मी म्हणेन, मैत्रिणी मिळतात, वर्गानंतर चहा होतो.

मावशी : चहा होतो, नाही म्हणत नाही. पण ध्यानाचं बघ. तुमच्या हॉस्पिटलात आता 'माइंडफुलनेस' शिकवतात ना? कुठून आलं ते?

भाचा : जॉन काबाट-झिन. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात त्यांनी दुखण्यानं गांजलेल्या पेशंटसाठी एक क्रम सुरू केला, आज तो ८ आठवड्यांचा असतो. बौद्ध ध्यान आणि थोडी आसनं घेतली, धर्माचा भाग काढला. त्यामुळे ते कुठल्याही धर्माच्या माणसाला देता येतं.

मावशी : आणि आपल्या इगतपुरीला काय चालतं? गोएंका गुरुजींनी ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून विपश्यना आणली. १० दिवसांच्या शिबिरात पहिले ३ दिवस फक्त श्वास बघायचा, नाकपुड्यांशी. लांब नाही करायचा, रोखायचा नाही, आला तसा बघायचा. लोक हे आणि प्राणायाम एकच समजतात. प्राणायामात तू श्वासाला वळण लावतोस, या नुसतं बघण्यात, म्हणजे आनापानात, त्याच्या वाटेला जात नाहीस. आणि त्या ३ दिवसांच्याही आधी, पहिल्या संध्याकाळी, शील घ्यायचं : हिंसा नाही, चोरी नाही, खोटं नाही. फी नाही, शिबिर पूर्ण केलेल्यानं जमेल ते दान द्यायचं. ८ आठवड्यांच्या क्रमात शील कुठं आहे?

भाचा : हॉस्पिटलनं पेशंटला 'खोटं बोलू नका' सांगायचं? विमा कंपनीचा फॉर्म भरून घेताना तर नक्कीच सांगता येणार नाही. चेष्टा सोड. धर्म आणि नीती बाजूला ठेवली म्हणून ध्यान दवाखान्यात शिरलं. नाहीतर दारातच अडलं असतं. आणि गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसाला लांब मौनाची शिबिरं सोसत नाहीत, हेही दवाखान्यातच नीट बोललं जातं.

मावशी : शिरलं, पण आत कोण शिरलं? यम सोडून आसन आणि शील सोडून श्वास घेतला, तर मन एकाग्र होईल. पण एकाग्र मन चोरालाही लागतं. पतंजलींनी अहिंसा, सत्य, अस्तेय हे यम आधी ठेवले, आसन तिसरं, प्राणायाम चौथा. हा क्रम उगाच नाही.

भाचा : क्रम परंपरेनंही पाळला नाही, मावशी. आज जो 'योग' जगभर दिसतो त्यातला बराचसा आखाड्यातून आणि शाळेच्या कवायतीतून आलाय. सूर्यनमस्कार घे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी ते स्वतः घालत, प्रजेकडून घालून घेत, त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. त्यांच्या दृष्टीनं तो व्यायाम होता. आज सूर्यनमस्कारांशिवाय योगाचा वर्ग होत नाही. आणि कवायतीचं खापर एकट्या राजांवर फोडू नकोस. मुंबई प्रांताच्या शारीरिक शिक्षणाच्या समित्यांवर कुवलयानंदांनीही काम केलं. शाळेच्या मैदानावर रांगेत आसनं करवायची, हे तेव्हापासून रुजलं.

मावशी : आणि आता २१ जूनची मैदानं. २०१४ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी दिवस ठरवला, पुढच्या वर्षापासून सगळीकडे सतरंज्या. माझा त्याला विरोध नाही. वर्षातून एकदा का होईना, माणसं जमिनीवर बसतात. शंभर जणांतला एखादा पुढं टिकतो.

भाचा : म्हणजे बदल तुलाही चालतो. मग माझ्या चिठ्ठीनंच काय घोडं मारलं?

मावशी : सांगते. बदल चालतो, फसवणूक चालत नाही. तू दुकान उघड, 'इथं श्वासाचा व्यायाम मिळेल, बीपीला थोडा उपयोग होतो, गोळ्या सोडू नका'. मी माझ्या सतरंजीवरची दोन माणसं तुझ्याकडे पाठवीन. कुणी मठ उघडावा, 'इथं चित्ताची साधना शिकवतो, शुगरचं आम्हाला विचारू नका'. तोही सच्चा. गडबड करतो तो तिसरा. तो मोक्षाच्या नावावर शुगरचं गिऱ्हाईक ओढतो, आणि तुझ्या जर्नलांतली नावं घेऊन मोक्ष विकतो. कुवलयानंदांनी दोन्ही कामं एका आवारात केली, पण एकाची पावती दुसऱ्याला दिली नाही. शिकवणाऱ्यानं आधी सांगावं, मी तुला यातलं काय देतोय.

भाचा : हे मला मान्य आहे, पण अर्धंच. श्वासाच्या व्यायामाचा दावा करणाऱ्याला मी पुरावा मागू शकतो. साधनेचा दावा करणाऱ्याला कोण विचारणार? 'शुगरचं विचारू नका' म्हटलं की त्याची कुठलीच परीक्षा उरत नाही. भोंदूला तर हेच हवं असतं.

मावशी : परीक्षा आहे ना.

भाचा : कोणती? 'आतून कळतं' म्हणू नकोस.

मावशी : आतून कळतं, यावर माझा काडीचा विश्वास नाही. आतून प्रत्येकालाच वाटतं, आपण फार शांत झालो. घरच्यांना विचारावं. कामाच्या बाईवर आवाज चढतो का? पार्किंगवरून तोंड सुटतं का? भावाशी जमिनीचा तंटा आहे, त्यात एक पाऊल मागे घेतलं का? यम तिथं दिसतात. वर्षानुवर्षं प्राणायाम करून माणूस घरात तसाच वाघ असेल, तर त्यानं नाक साफ केलं, एवढंच.

भाचा : पण मग हे मोजता येतं! घरच्यांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, एक सुरुवातीला, एक सहा महिन्यांनी.

मावशी : घे की. पण भरणाऱ्याला सांगायचं नाही, हा माणूस योग शिकतोय म्हणून. कळलं की तो चांगलंच लिहील. आणि दुसरा एक गट घे, जो रोज तेवढाच वेळ नुसता पर्वतीवर फिरायला जातो. त्यांच्याही घरच्यांना विचार.

भाचा : मावशी, तू ब्लाइंडिंग आणि कंट्रोल ग्रुप दोन्ही मागते आहेस.

मावशी : नावं तुझी तू ठेव. निकाल माझ्याविरुद्ध गेला तरी छाप, म्हणजे झालं. आणि पहिला फॉर्म तुझ्या बायकोला दे. रोज सकाळी नाक धरून बसतोस म्हणे.

भाचा : ती बाद. तिला माहीत आहे मी प्राणायाम करतो ते. चांगलंच लिहील.

मावशी : खात्री आहे तुझी?